पिकअपची चाकं बदलताना

पिकअप घेतलेला हौशी माणूस गाडीत पहिला हात घालतो तो चाकांना. इंजिन उघडायची हिंमत होत नाही, रंग बदलायचा तर आरटीओत खेटे घालावे लागतात, चाकं मात्र एका दुपारीत बदलून होतात. सकाळी साधी दिसणारी गाडी संध्याकाळी जाड खाचांचे टायर आणि काळी रिमं मिरवत सोसायटीच्या गेटातून आत येते आणि वॉचमनसुद्धा वळून बघतो. इतक्या कमी वेळात गाडीचं रूप इतकं पालटणारी दुसरी वस्तू बाजारात नाही. ब्रेक, स्टिअरिंग, ॲव्हरेज, विमा आणि आरसी या सगळ्यांचं गणित एकदम विस्कटणारीही नाही.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर पिकअपच्या दोन जाती दिसतात. पहिली नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा आणि रत्नागिरीचा आंबा वाहणारी: महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि त्यांची भावंडं. दुसरी गेल्या दहाएक वर्षांत आलेली, चार दारांची, शनिवार-रविवारी घाटात दिसणारी. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. पहिल्या जातीत टायर बदलतात ते पोटासाठी, दुसऱ्या जातीत हौसेसाठी. दोघांची भाषा वेगळी, दुकानं वेगळी, बजेट वेगळं. चुका मात्र बहुतेक सारख्याच.

या हौसेचं माहेर अमेरिका. तिथे पिकअप ही शेतकऱ्याची आणि सुताराची गाडी होती, ती हळूहळू घरोघरची झाली. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९७६ मध्ये, बीएफगुडरिच कंपनीने रेडियल ऑल-टेरेन टी/ए हा टायर आणला. डांबरावरही चालेल आणि मातीतही, असा रेडियल टायर साध्या ग्राहकाला मिळू लागला आणि घरच्या घरी गाडी उंच करणाऱ्यांचं फावलं. सेंट लुईसच्या बॉब चँडलरने आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला एकापेक्षा एक मोठी चाकं लावत नेली आणि त्यातून बिगफूट हा पहिला मॉन्स्टर ट्रक उभा राहिला. पुढे त्यावर ६६ इंची टायर चढले. मोठं चाक लावलं की आस तुटतो, आस बदलला की गिअर कमी पडतो, गिअर बदलला की स्टिअरिंग ऐकत नाही, ही साखळी चँडलरने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतली. आजही चाक मोठं करणाऱ्या प्रत्येकाला तिचा एखादा तरी दुवा भोवतोच.

गाडीच्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. फोर्डने २०१० च्या मॉडेलात एफ-१५० रॅप्टर आणली ती कारखान्यातूनच ३५ इंची टायरांवर. २०२१ च्या रॅप्टरला ३७ इंची टायरांचा पर्याय दिला, तेव्हा सस्पेन्शनची हालचाल कमी करावी लागली: पुढे १४ इंचांची १३ झाली, मागे १५ ची १४.१. ज्या कंपनीने गाडी कागदावर पहिल्या रेषेपासून आखली, जिच्याकडे चाचणीसाठी वाळवंट आहे, तिलासुद्धा दोन इंच मोठ्या टायरसाठी सस्पेन्शनमधला एक इंच सोडावा लागला. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस ‘काही होत नाही साहेब, बसतंय आरामात’ म्हणतो तेव्हा हा इंच आठवावा.

याच अमेरिकेत हौसेने टोकही गाठलं. कॅरोलायना स्क्वॉट नावाची एक फॅशन निघाली: गाडीचं तोंड वर आणि बूड खाली. हेडलाइट आकाशाकडे, चालकाला बॉनेटपुढचा रस्ता दिसेना. उत्तर कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून यावर बंदी आणली, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनाने २०२३ मध्ये.

आइसलँडमध्ये मात्र मोठं चाक ही चैन नाही. अंगभर बर्फ पडलेल्या पठारावर गाडी न्यायची तर ती बर्फात रुतता कामा नये, वर तरंगली पाहिजे. १९९० मध्ये सुरू झालेली आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी हायलक्सला ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर लावते आणि बर्फावर गेल्यावर चालक हवा इतकी सोडतात की टायर जमिनीवर पसरतो. बीबीसीच्या टॉप गिअर कार्यक्रमाने २००७ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुवाकडे नेलेली हायलक्स याच कंपनीने ३८ इंची टायरांवर उभी केली होती. या गाड्यांत चाकाची कमान कापून रुंद केलेली असते, डिफरन्शियलचे गिअर बदललेले असतात, सस्पेन्शनच्या जागा हलवलेल्या असतात. टायर ही त्या कामातली शेवटून दुसरी पायरी. आपल्याकडे इंटरनेटवर तिचाच फोटो बघून माणूस थेट टायरच्या दुकानात जातो.

आता आकडेमोड. टायरच्या कडेवर २६५/६० आर १८ असं लिहिलेलं असतं. हायलक्सच्या वरच्या मॉडेलचं हेच माप. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. तिसरा रिमचा व्यास इंचांत. २६५ चे ६० टक्के म्हणजे १५९ मिलिमीटर भिंत. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे ३१८. त्यात १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर मिळवले की अख्ख्या चाकाची उंची ७७५ मिलिमीटर निघते. याच गाडीच्या खालच्या मॉडेलला २६५/६५ आर १७ मिळतो. त्याचा हिशेब केला तर ७७६. रिम एक इंचाने लहान, टायरची भिंत तेवढी जाड, एकूण उंची जवळजवळ तीच. कंपनी स्वतः रिमचं माप बदलते तेव्हा कशी बदलते, याचा हा सरळ नमुना.

हौशी मंडळींचा लाडका ‘तेहतीस’ म्हणजे २८५/७० आर १७. उंची ८३१ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा हा सात टक्क्यांनी मोठा. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चाक एका फेऱ्यात सात टक्के जास्त अंतर कापतं, पण गाडीच्या मीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा सात टक्क्यांनी जोरात, ८६ च्या हिशेबाने पळत असते. किलोमीटर कमी मोजले जातात, त्यामुळे लिटरला किती पडलं हे काढताना ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं, आणि जड टायरमुळे ते खरोखरही पडलेलं असतं. चाकावर पोचणारी ओढ सात टक्क्यांनी घटते. आंबेनळी घाटाच्या चढावर जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खेचायची ती दुसरा मागते.

आणि एवढं करून गाडी वर किती उठते? टायर ५६ मिलिमीटरने मोठा झाला, पण आस उचलला जातो त्याच्या निम्म्याने. म्हणजे २८ मिलिमीटर. जाडजूड आडव्या बोटाहून थोडं जास्त. ‘टायर मोठा केला की गाडी दोन इंच वर येते’ हे दुकानातलं वाक्य इथेच अर्ध्यावर येतं.

टायरवाल्यांत चालत आलेला ठोकताळा असा की एकूण उंची मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी. ऑस्ट्रेलियात पिकअपला ‘यूट’ म्हणतात आणि चाकं बदलण्याचं वेड अमेरिकेइतकंच आहे. तिथल्या सरकारी नियमावलीत या जातीच्या गाड्यांसाठी कंपनीच्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत मोठ्या व्यासाची मर्यादा घातली आहे. म्हणजे वरचा ‘तेहतीस’ हायलक्सला तिथेही चार-पाच मिलिमीटरने जास्तच ठरतो.

उंचीपेक्षा जास्त घोळ होतो तो रिमच्या ऑफसेटमध्ये, आणि त्याबद्दल गिऱ्हाईक क्वचितच विचारतं. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि रिम हबला जिथे टेकते ती बसणी, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. हायलक्सचं मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ३०. दुकानात दाखवलं जातं ते नऊ इंच रुंद आणि ‘झिरो ऑफसेट’, कारण ते बाहेर येतं आणि रुबाबदार दिसतं. हिशेब करा. दीड इंच जादा रुंदीतला अर्धा, म्हणजे १९ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. ऑफसेटचे ३० त्यात मिळवा. रिमची कड ४९ मिलिमीटर बाहेर गेली. एका बाजूला पाच सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून दहा.

हे पाच सेंटिमीटर पुढच्या चाकांना महागात पडतात. चाक वळतं ते ज्या रेषेभोवती, तिच्यापासून टायरचा मध्य दूर सरकतो. मग खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला झुकते. बेअरिंगवर येणारा भार तिरका होतो आणि ते वेळेआधी घुंघुं करायला लागतं. वळताना टायर बंपरच्या मागच्या प्लास्टिकला आणि मडफ्लॅपला घासतो. पावसाळ्यात चिखल मडगार्डच्या बाहेर उडून दारावर, आरशावर आणि शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जातो. रिम न बदलता मध्ये स्पेसर घातला तरी परिणाम तोच, शिवाय नटांवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

रिम हबला बसणं हे आणखी एक प्रकरण. हायलक्स आणि फॉर्च्युनरला सहा नट, ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर. फोर्ड एफ-१५० लाही सहाच नट, पण वर्तुळ १३५ चं. डोळ्याला न कळणारा फरक, आणि एकाचं रिम दुसऱ्याला चालत नाही. शिवाय मधलं भोक. टोयोटाच्या या गाड्यांचा हब १०६.१ मिलिमीटरचा, बाजारातल्या रिमचं भोक बहुधा त्याहून मोठं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायचं असतं. मूळ रिम हबवर नेमकं बसतं आणि मध्य आपोआप साधला जातो. बाहेरच्या रिमला ते काम एकट्या नटांवर सोपवलेलं असतं. मधली फट भरणारी रिंग अगदी थोड्या पैशांत मिळते. ती न घातल्यामुळे ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतो.

नटांचंही तसंच. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय रिमांना सपाट वॉशरचे नट लागतात, बाहेरच्या रिमांना बहुतेक ६० अंशांच्या निमुळत्या बसणीचे. जुने नट नव्या रिमला आवळले तर ते आवळल्यासारखे वाटतात, पण टेकतात कडेच्या एका रेषेवर. काही दिवसांनी ढिले होतात. रिमच्या किमतीत नट घासाघीस करून वाचवणारे गिऱ्हाईक असतात, हे दुकानदारांकडून ऐकायला मिळतं. चार चाकांचे चोवीस नट, ही काटकसरीची जागा नव्हे.

आता वजनाकडे यायला हवं, कारण पिकअप ही गाडीच मुळात वजनासाठी बनली आहे. टायरच्या मापापुढे ११०एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर वेगाचं, आकडा वजनाचा, म्हणजेच लोड इंडेक्स. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो. १०० म्हणजे ८००. दिसायला दहाचा फरक, प्रत्यक्षात एका टायरमागे २६० किलोंचा. मापात बसणारा स्वस्त टायर घेताना हाच आकडा खाली घसरतो आणि रिकाम्या गाडीत त्याचा पत्ता लागत नाही. रिमलाही अशीच मर्यादा असते आणि ती मागच्या बाजूला कोरलेली असते. समजा कारसाठी ओतलेल्या एखाद्या मॅगव्हीलवर ६९० किलो लिहिलं आहे. भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावर १८०० किलो आले तर एका चाकाला ९००. रिम त्या दिवशी फुटणार नाही. स्पोकच्या मुळाशी केसासारखी चीर पडेल आणि वर्षभराने, कुठल्यातरी घाटात, हिशेब पूर्ण होईल.

अमेरिकेत यासाठी एलटी म्हणजे लाइट ट्रकचे टायर वेगळे असतात, त्यांच्या सी, डी, ई अशा श्रेण्या. ई श्रेणीचा टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेतो. कारच्या जातीचा टायर पिकअपला लावायचाच असेल तर त्याच्यावर लिहिलेली क्षमता १.१ ने भागून धरायची, असा तिथला दंडक आहे. उलट बाजूही आहे: ई श्रेणीचा तेहतीस इंची टायर एकेकटा २५ किलोंच्या घरात जातो. रिकामी गाडी त्यावर दगडासारखी उडते. ज्याने आयुष्यात कधी हौद्यात दोन क्विंटलांपेक्षा जास्त टाकलं नाही, त्याने ई श्रेणी का घ्यावी, याचं उत्तर दिसण्यापलीकडे सापडत नाही.

हवा आणि वजन यांचा संबंध किती जीवघेणा असतो हे २००० साली जगाला दिसलं. ९ ऑगस्टला फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. ही गाडी एसयूव्ही म्हणून विकली जायची, पण तिची जडणघडण फोर्डच्या रेंजर पिकअपवरून आलेली. टायरचा वरचा थर धावत्या गाडीत सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकी सरकारच्या नोंदीत मृत्यूंचा आकडा २०० च्या वर गेला. टायर बनवण्यातले दोष होतेच. पण फोर्डने प्रवास मऊ व्हावा आणि गाडी उलटू नये म्हणून फक्त २६ पीएसआय हवा सुचवली होती. कमी हवा, जास्त सामान, उन्हाळा आणि वेग हे एकत्र आले की टायर आतून तापतो. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि त्यातूनच पुढे टायरमधली हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर लागणारा दिवा नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. बाहेरची रिमं लावताना त्या दिव्याचे सेन्सर जुन्या रिमात तसेच राहून जातात, हा योगायोग म्हणावा की काय.

बोलेरोच्या जगात गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. इथे रिमला कोणी हात लावत नाही. लोखंडी रिम वाकलं तर घण घालून सरळ होतं, मॅगव्हील तडकतं, हे चालकाला पक्कं माहीत असतं. इथे बदलतात ते टायरची प्लाय आणि मागचे पाटे. आठ प्लायच्या जागी जास्त प्लायचा टायर, पाट्यांत एक-दोन जादा पाटे, आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल. टायर टिकतो. पण ब्रेक तेच, आस तोच, चासीही तीच, आणि आरसीवरचं एकूण वजनही तेच. टायर फुटत नाही म्हणून गाडी पेलते असं वाटतं, आणि घाट उतरताना ब्रेक तापल्यावर खरी ताकद कळते. हौशी माणसाच्या चुकीने बहुधा त्याचंच पाकीट रिकामं होतं. इथली चूक समोरून येणाऱ्या एसटीवर जाऊन आदळते, म्हणून ती जास्त गंभीर.

रिमच्या बनावटीबद्दल बाजारात भरपूर धूर आहे. बहुतेक मॅगव्हीलं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. त्यांतली काही ओतल्यावर कडेने फिरवून दाबलेली, ती हलकी आणि चिवट. घडीव म्हणजे फोर्ज्ड रिमं सर्वांत मजबूत, किंमतही तशीच. बाहेरून रंग दिल्यावर तिघांत फरक ओळखता येत नाही, त्यामुळे नामांकित डिझाइनची नक्कल ओतून ‘फोर्ज्ड’ म्हणून विकणं सोपं जातं. बघायचं ते शिक्क्यांकडे. जपानी रिमांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए, जर्मनीत मान्यता मिळालेल्यांवर केबीए क्रमांक. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयमार्फत प्रसिद्ध झालेलं एआयएस-०७३ हे मानक आहे, त्यात रिम वाकवून फिरवण्याची, भाराखाली पळवण्याची आणि आघाताची चाचणी येते. टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे: कारच्या जातीच्या टायरवर आयएस १५६३३, व्यापारी वाहनांच्या टायरवर आयएस १५६३६. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून परदेशी मड-टेरेन टायर मिळणं अवघड झालं आणि गोदामात पडून राहिलेला जुना माल नव्याच्या भावात खपू लागला. भिंतीवरच्या डॉट अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ही तारीख वर्षभराहून जुनी असेल तर भाव पाडून घ्यावा, चार वर्षांची असेल तर टायर परत रॅकवर ठेवायला सांगावा.

टायरच्या नक्षीबद्दल लिहायला फार नाही, कारण निर्णय सोपा आहे. एच/टी रस्त्यासाठी, एम/टी चिखलासाठी, ए/टी दोन्हींच्या मध्ये. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तिथल्या गाळात एम/टीशिवाय गाडी जागची हलत नाही. पण तोच टायर मुंबई-गोवा महामार्गावर ओल्या डांबरावर येतो तेव्हा त्याच्या मोठ्या खाचांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं, ब्रेकला अंतर जास्त लागतं आणि ८० च्या वेगाला मधमाश्यांचं मोहोळ गाडीत शिरल्यासारखा आवाज येतो. कोकणातल्या पावसाचा बहुतांश भाग डांबरावरच पडतो, हे एम/टी घेणारे विसरतात. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके या देशी कंपन्यांचे ए/टी टायर आता सहज मिळतात आणि बहुतेकांचं काम त्यांवर भागतं.

मोठ्या रिमची हौस मात्र इथल्या रस्त्यांवर सरळसरळ तोट्याची. हायलक्सला २० इंची रिम लावून एकूण उंची तीच ठेवायची तर टायर २६५/५० आर २० लागतो. भिंत १३२ मिलिमीटर. १७ इंची रिमवर ती १७२ असते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये जे रबर असतं त्यातलं चार सेंटिमीटर कमी झालं. एका पावसाळ्यात निदान एक रिम वाकणार, आणि मग रिम दुरुस्तीवाला वेल्डिंग करून, घासून, रंग मारून देणार. वेल्ड केलेलं मॅगव्हील पुढच्या चाकाला लावू नये, एवढं तरी पाळावं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात केरळमधल्या प्रकरणावरून हे कलम कडक अर्थाने घ्यायचं, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यापारी नंबरच्या पिकअपची नोंदणी होते तेव्हा टायरचं माप आणि प्लायसुद्धा कागदावर येतात, त्यामुळे तिथे पळवाटच नाही. खासगी नंबरवर तपासणी कमी होते, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो पहिला फोटो चाकांचाच काढतो. केंद्रीय नियम ९४ प्रमाणे टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. गोटा झालेले टायर पासिंगच्या दिवसापुरते बदलून आणायचे आणि संध्याकाळी परत चढवायचे, ही युक्ती गावोगाव माहीत आहे. आरटीओच्या वायुवेग पथकालाही.

त्यामुळे सुरक्षित सीमा सापडायला अवघड नाही. चालकाच्या दाराच्या खांबावर टायरच्या मापाचा स्टिकर असतो. त्यावरचं माप, किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनी देते ते. वरच्या मॉडेलची हायलक्स असलेल्याला १७ इंची मूळ रिमं आणि २६५/६५ चे टायर घालता येतात. भिंत जाड होते, खड्डे कमी बोचतात, उंची एका मिलिमीटरने बदलते. लोक याच्या नेमकं उलट करतात.

ज्याने ठरवलंच आहे त्याने निदान बसवताना उभं राहावं. जुनं चाक निघालं की हबवर गंजाचा लाल थर दिसतो. तो तारेच्या ब्रशने घासून काढायला सांगावं, नाहीतर नवं रिम केसभर तिरकं बसतं. प्रत्येक नट आधी हाताने तीन-चार आटे फिरला पाहिजे. पोरगा थेट एअर गन लावतो, आटे चढतात आणि स्टड कायमचा जातो. नट एका आड एक, चांदणीच्या रेषेत आवळायचे, आणि शेवटचा पीळ मोजणीच्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. पाने मोजणीचे नाहीत म्हणणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढावी. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मुख्य म्हणजे मागे घेऊन बघावं. रिव्हर्समध्ये पूर्ण वळणावर टायर घासतो की नाही ते कळतं, सरळ चालवून कळत नाही. हौद्यात चार माणसं बसवून हेच परत. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

हवेचा आकडाही नव्याने शोधावा लागतो, कारण स्टिकरवरचा जुन्या टायरचा. टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडं अंतर जायचं. मधला खडू पुसला आणि कडेचा राहिला तर हवा जास्त, उलट असेल तर कमी.

आणि स्टेपनी. दुकानात चार चाकांचा सेट विकला जातो, पाचवं कोणी विचारत नाही. मोठा टायर हौद्याखालच्या जागेत मावत नाही, म्हणून जुनाच तिथे लटकत राहतो. पंक्चरच्या दिवशी एका बाजूला ८३१ आणि दुसऱ्या बाजूला ७७५ मिलिमीटरचं चाक घेऊन फोर-व्हील ड्राइव्ह लावला की ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल आतल्या आत एकमेकांशी भांडतात. तो खर्च चार टायरांच्या पुढे जातो.

रस्त्यावरच जास्त चालणाऱ्या पिकअपला रिम बदलायची गरज नसते. मूळ रिमं ठेवावीत, मूळ मापाचे, मूळ किंवा वरच्या लोड इंडेक्सचे पाच चांगले ए/टी टायर घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांतून ब्रेक पॅड व शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्यावेत. रिम बदलायचंच असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावं. बिलावर माप, लोड इंडेक्स, तारखेचे चार आकडे आणि रिमचा ऑफसेट लिहून मागावा. लिहून द्यायला कुरकुरणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान गाठावं.